शेडमधली बाई

काम अगदी साधं होतं. हे चष्मा घरी विसरले होते, तो नेऊन द्यायचा. भर दुपारची वेळ. यांची शेड दोन गल्ल्या पलीकडे, बंद पडलेल्या सुतारखान्याच्या मागे. मोडक्या छत्र्या, इस्त्र्या, खुर्च्यांचे पाय असलं काहीबाही जोडून हे शिल्पं करायचे. लोक लांबून बघायला यायचे. मला मात्र शेडमध्ये जायची बंदी. "काम पुरं व्हायच्या आत घरच्यांनी बघितलं की बिघडतं," म्हणायचे. बावीस वर्षं मी ते ऐकलं.

तेव्हा माझी तब्येतही धड नव्हती. वस्तू ठेवायची आणि ती सापडायचीच नाही. कंगवा गेला, आमटी वाढायचा डाव गेला, शिवताना बोटात घालायला आईनं दिलेला अंगुस्ताना गेला, घड्याळ गेलं. चप्पल गेली, तीही एकाच पायातली! "अगं, विसरतेस तू हल्ली," हे मायेनं म्हणायचे. स्वतः मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या. मी गुमान घ्यायचे.

शेडचं दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारली, हे नव्हते; चष्मा ठेवून निघू म्हणून आत गेले. आत खिडक्यांना जाड पडदे. वॉर्निशचा वास, गंजाचा वास... आणि त्याच्या तळाशी आणखी एक. माझ्या केसांच्या तेलाचा.

डोळे अंधाराला सरावले तेव्हा ती दिसली. स्टुलावर बसलेली बाई. लोखंडी सळ्यांचं अंग, हँगरच्या तारांच्या बरगड्या, आणि बरगड्यांच्या आत टिकटिकणारं माझं घड्याळ. एका हाताच्या जागी माझा डाव. दुसऱ्या हाताच्या बोटावर अंगुस्ताना. डोक्यावर केस... मी विंचरून, गुंडाळी करून टाकून दिलेले, कितीतरी वर्षांचे.

आधी काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. मला वेड लागलेलं नव्हतं! मग उमगलं. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं. मी कपाटं उपसून रडत बसायचे, तेव्हा हेच माझ्या पाठीवरून हात फिरवत होते.

बाहेर पावलं वाजली. का कोण जाणे, मी उभ्या फळ्यांच्या मागे सरकले.

"आलो गं," हे म्हणाले. इतक्या लाडानं मला हाक मारून किती वर्षं झाली होती... चष्म्याविना चाचपडत ते तिच्यासमोर येऊन बसले. "कुणी आलं होतं का?"

टिकटिक थांबली. मग माझा आवाज आला. माझाच! मी तर तोंडावर हात दाबून उभी होते.

"नाही... कुणी नाही."

"बरं," हे म्हणाले. "घरी तिला आता धड काही आठवत नाही. आणखी थोडे दिवस... मग तुला घरीच नेतो."

ते हात धुवायला मागच्या मोरीत गेले, तशी मी बाहेर पडले. घरी गेलेच नाही. थेट भावाकडे. त्यानं सगळं ऐकून घेतलं, त्या आवाजाचं तेवढं मानलं नाही. गोळ्या मात्र त्याच दिवशी बंद केल्या. तेव्हापासून माझी साधी टाचणी हरवलेली नाही.

तीन महिन्यांनी, हे घरी नसतील अशी वेळ बघून, भावाबरोबर माझे कपडे आणायला गेले. तळमजल्यावरच्या शेजारीणबाई दारातच उभ्या होत्या.

"रागावलात की काय?" त्या म्हणाल्या. "काल एवढ्या हाका मारल्या, वळूनसुद्धा बघितलं नाहीत. आणि जिना केवढा दणाणत होता! वजन वाढलंय का हो?"

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मी जिन्याकडे बघत होते. लाकडी पायऱ्या. प्रत्येक पायरीत लाकूड दाबून रुतलेलं एकेक पाऊल, ताजं. मी वाकून वाकून वरच्या वळणापर्यंत बघितलं.

सगळी पावलं वर जाणारी. खाली उतरणारं एकही नव्हतं.