उंबऱ्याबाहेरचा पेला

मी लूमचा फिटर. बिघाड दिसला की आधी कारण शोधतो, देवाला मध्ये घेत नाही. तरी सुरतच्या गोडादऱ्यातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीनं मला डीकन केलं. डीकन म्हणजे सेवक. सतरंज्या अंथरायच्या, प्रभुभोजनाचे पेले धुवायचे, आणि ज्याला चर्चमध्ये येववत नाही त्याच्या घरी भाकर आणि मनुकांचा रस न्यायचा. नियम एकच. सेवकानं हे भोजन सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं, तेही स्वतःच्या हातानं नाही, कुणीतरी द्यायचं.

घरी मी फक्त उषाबाईकडे जायचो. धुळ्याकडची एकटी म्हातारी, गुडघे धरलेले. खाटेवरून दारापर्यंतही येववत नसे. माझी डावी चप्पल घासते. त्या आवाजावरून ती मला ओळखायची आणि अहिराणीत हाक मारायची, "सुकलाल, मझार ये." म्हणजे आत ये.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात प्लेगची बातमी फुटली आणि सुरत रिकामी झाली. चर्चचे पाळकसाहेब गावी निघून गेले. माझी बायको छाया पोरांना घेऊन नवापूरला निघाली.

"तुम्हालाच काय सोनं लागलंय इथं?"

"मंडळीतलं एक माणूस आलं आणि दार बंद दिसलं तर?" मी म्हणालो. मोठा शूर!

त्या रविवारी तोंडाला रुमाल बांधून उषाबाईच्या खोलीपाशी गेलो. ती आत खोकत होती. साधा खोकलाही असेल, पण माझी पाचावर धारण बसली. उंबऱ्याबाहेर दोन हात लांब पेला ठेवला, वर बशी झाकली, बशीत भाकरीचा तुकडा. कडी दोनदा वाजवली.

"ठेवलंय, घ्या."

"मझार ये ना, सुकलाल."

मी घाईघाईनं निघालो. तिला उठवत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

बुधवारी लाज वाटून परत गेलो, तर खोलीला कुलूप. शेजारच्या भाईदासनं खिडकीतूनच सांगितलं, "सोमवारी दवाखान्यात नेली. काल मातीपण झाली."

"माझा पेला होता इथं."

"मी तर काही पाहिला नाही, भाऊ."

पुढच्या रविवारी चर्चचं दार सताड उघडलं, सतरंज्या अंथरल्या, अकरा पेले मांडले. पोचा आलेला बारावा तिच्याकडेच राहिला होता. एक भरून समोर ठेवला आणि बसलो. कुणीतरी यावं आणि तो माझ्या हातात द्यावा. त्याशिवाय मला माफी नाही, असं मनानं घेतलं होतं.

दहा वाजले. अकरा वाजले. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. लूम बंद, त्यामुळे माझाच श्वास मला ऐकू येत होता. इतका एकटा मी कधी नव्हतो.

उघड्या दाराची कडी दोनदा वाजली. दारात कुणी नव्हतं.

उंबऱ्याबाहेर दोन हात लांब पेला होता. पोचा आलेला. वर बशी, बशीत भाकरीचा तुकडा.

उठायला गेलो. गुडघे उचलेनात. हात टेकले, तर सतरंजी तेवढी सरकली.

"मझार ये," मी म्हणालो.

बाहेर पावलं वाजली. घाईघाईनं गल्लीच्या तोंडाकडे निघाली होती, डावी चप्पल घासत.