पिवळ्या तुऱ्यांचा वास

"ओता तिकडं! हे दूध डेअरीत घ्यायचं न्हाई!"

रामकिसनकाकांनी कॅन परत ढकलला. गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध हुंगून घ्यायचं काम त्यांचं, आणि त्यांच्या नाकावर अख्ख्या गावाचा भरवसा!

"मनकर्णा, काय मिसळतीस गं यात? औषधावानी वास येतोय!"

अंजनाच्या आईचं तोंड एवढंसं झालं. "दादा, देवाशप्पथ, काई घातलं न्हाई!"

"पुन्यांदा असं आलं तर सभासदातून नाव कमी. चेअरमनचा हुकूम हाय."

नाव गेलं की चारा गेला! तलाव आटला तसा त्याच्या ओल्या गाळात संस्थेनं लसूणघास पेरला होता. दुष्काळात तेवढाच हिरवा चारा, आणि तो फक्त सभासदांना. चारा तुटला तर चंद्री म्हैस थेट केजच्या बाजारात! घरी येताच अंजनानं चंद्रीच्या गळ्याला मिठीच मारली.

आईनं दूध घरीच विरजायला सुरुवात केली. आणि केजहून सुट्टीला आलेला मामेभाऊ मुंजाजी लगेच गुप्तहेर झाला.

"पाणी खराब असणार!"

पाणी बदललं. वास तसाच!

"मग बादली!"

अंजनानं बादली राखेनं घासून आरशासारखी केली. वास तसाच!

"नजर लागली असंल," त्रिंबक म्हणाला. त्रिंबक म्हणजे चेअरमन अर्जुनरावांचा नातू.

"तू गप बे!" मुंजाजी म्हणाला. "तुझ्या आजोबांच्या चाऱ्यातच काही तरी आहे. बियाणं आण थोडं. पेरून बघू!"

त्रिंबकच्या आजोबांच्या गोदामात बियाण्याची एक रिकामी गोणी होती आणि तिच्याशेजारी एक डबा. त्यानं गोणी झटकून आणि डबा खरवडून दोन्हीतलं चिमूट-चिमूट बी आणलं. नवरात्रात घट बसवतात तसं पोरांनी दोन पत्रावळींवर माती घालून ते पेरलं आणि रोज ओंजळीनं पाणी शिंपडलं. रोपं वर आली. आणि तिघंही डोकं खाजवत बसले.

"हिला तीन-तीन पानं."

"हिलाबी तीन-तीनच!"

"मग ह्यातली गोणीतली कुठली अन् डब्यातली कुठली?"

"पत्रावळी कुणी हलवल्या?"

"मी न्हाई!"

"मग मी हलवल्या का? माझं तर डोकंच चालंना!"

त्या दिवशी अंजना आईबरोबर गाळात गेली. चारा कापायची आईची पाळी शेवटची, म्हणून तिच्या वाट्याला नेहमी बांधाकडचा कोपरा यायचा. तिथं बारीक पिवळ्या फुलांचे तुरे डुलत होते. आईनं विळा खाली ठेवला, एक तुरा तोडला आणि अंजनाच्या वेणीत खोवला. "हास की गं जरा, माझी बाय!"

संध्याकाळी वेणी सोडता सोडता अंजना थांबली. सुकलेला तुरा तिनं नाकाशी धरला.

"मुंजा! माझी वेणी हुंग!"

"शी! मी कावून हुंगू?"

"हुंग म्हणते ना!"

मुंजाजीनं नाक पुढं केलं आणि उडालाच. "अगं, हे तर चंद्रीचं दूध!"

त्रिंबकला हाक मारून तिघं पळतच गाळात गेले. बाकी सगळ्या चाऱ्याला निळी-जांभळी फुलं! पिवळी फक्त कोपऱ्यात. पानं सारखी, फुलं निराळी!

पोरांनी लगेच चेअरमनला सांगितलं. अर्जुनरावांनी मात्र मिशीतल्या मिशीत हसून त्यांना वाटेला लावलं. "फुलाचा रंग बघून म्हैस दूध देती व्हय रे? जा, खेळा!"

"त्रिंबक," अंजना हळूच म्हणाली, "तुमच्या म्हशीचा भारा रोज तूच नेतोस ना?"

दुसऱ्या दिवशी पिवळा भारा चेअरमनच्या गोठ्यात गेला आणि जांभळा चंद्रीपुढं!

मग तिसऱ्या दिवशी सकाळी अंजनानं आईला कॅन घेऊन डेअरीत यायला लावलंच. पुढं त्रिंबकची आजी वच्छलाबाई उभी होती. रामकिसनकाकांनी मान वर न करता तिच्या कॅनचं झाकण उघडलं.

"ओता तिकडं, मनकर्णा! आता नाव कमी! चेअरमनचा हुकूम..."

मान वर झाली. वच्छलाबाईंच्या मागं साक्षात चेअरमन!

काकांनी घाईघाईनं मनकर्णाचा कॅन उघडला. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. "आरं, हे दूध हाय का खवा!"

पोरांना हसू आवरेना. भारे कुणी बदलले ते सांगताना त्रिंबक मात्र आजीच्या मागं लपला. अंजनानं दोन्ही फुलं पुढं धरली. अर्जुनरावांनी पिवळा तुरा हुंगला आणि मान खाली घातली.

"पेरताना कोपऱ्याला घासाचं बी कमी पडलं. गहू चाळताना खाली पडलेलं बारीक बी डब्यात होतं. सारखंच दिसलं, तेच टाकलं पेरून."

"रानमेथी ती!" काकांनी कपाळावर हात मारला. "दरसाल गव्हातनं उपटून टाकतो आपण, अन् यंदा हातानं पेरली व्हय!"

"मनकर्णाबाई, चुकी माझी," अर्जुनराव म्हणाले. "उद्यापासून पहिली पाळी तुमची. अन् पोरांनो, चेअरमनचं नाव कमी करायला निघालता! लई हुशार हाय तुमी!"

घरी आल्यावर आईनं लेकीला जवळ बसवलं. अंजनाची वेणी घालून तिनं त्यात लसूणघासाची जांभळी फुलं खोवली. अंजना तशीच गोठ्यात चंद्रीला दाखवायला गेली.

चंद्रीनं फुलं नीट बघितली. मान लांब केली. आणि वेणीतून ओढून खाऊन टाकली!