बादलीला जवारी कुठून आली?

फुटक्या बादलीवर काठी मारली तर कसा आवाज येतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. भद्द येतो. पण त्या रविवारी भर दुपारी, मिरजेत दस्तगीरनानांच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात, एक फुटकी बादली चक्क गोड वाजली. हूंऽऽ करून छान घुमली. नाना चमकून उभे राहिले, आणि त्यांची अकरा वर्षांची नात शिरीन बादलीकडे नाही, टेबलाकडे बघायला लागली. कारण घोटाळा बादलीत नव्हताच. घोटाळा होता तिने स्वतः निवडून, वाजवून, छाती पुढे काढून आणलेल्या स्पीकरमध्ये.

आता हे नीट कळायचं तर शुक्रवारपासून सांगावं लागेल.

साल दोन हजार एकसष्ट. चंद्रावरच्या तळावर निलांबरी घोरपडे नावाची एक बाई काचेच्या घरात मेथी पिकवायची. जाताना तिने नानांकडून एक छोटासा तंबोरा करून घेतला होता. नानांच्या हातचा तो शेवटचा. त्यानंतर त्यांचे हात थरथरायला लागले आणि कानस फक्त खिशात राहिली. तर त्या तंबोऱ्याचा आवाज अचानक मिटला. तंबोऱ्याची सगळी जादू जवारीत असते (तार जिथे टेकते ती हाडाची घोडी कानशीने अशी हलकेच घासायची, की तार तिला जेमतेम शिवते आणि आवाज खुलतो). घासायचं कमी पडलं तर पुन्हा घासता येतं. जास्त झालं तर घोडी गेली कामातून. आणि चंद्रावर दुसरी घोडी नव्हती. पुढचं यान अकरा महिन्यांनी.

ठरलं असं, की रविवारी चार वाजता पंधरा मिनिटांची जोडणी मिळेल. निलांबरी वाजवेल, नाना ऐकतील, आणि कुठे किती घासायचं ते सांगतील. पण नानांच्या जुन्या संगणकातून आवाज यायचा तो डास गुणगुणल्यासारखा, आणि हेडफोन लावले की नानांना चक्कर यायची. म्हणून अम्मीने शिरीनच्या हातात दोन हजार रुपये ठेवले आणि बजावलं, की स्पीकर एवढ्यातच बसव, आणि जेवणाच्या डब्यापेक्षा मोठा आणू नकोस. अर्ध्या टेबलावर आधीच भोपळे होते.

दुकानात दोन हजारांच्या आत तीन जोड्या निघाल्या. पहिलीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 'पाच हजार वॅट' (वॅट म्हणजे एका सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते त्याचं माप). शिरीन हरखलीच. मग तिने सहज वीज पुरवणारा ॲडॉप्टर उलटा करून पाहिला. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, दहा वॅट. दहा आत जाणार आणि पाच हजार बाहेर येणार? ती बघतच राहिली. दुकानदार काकूंना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, की अगं, ते खोक्यावरचे वॅट आणि हे आतले वॅट. शिरीनने ती जोडी मुकाट्याने परत ठेवली. आपण काही फसणाऱ्यांतल्या नाही, असं तिला वाटलं. आणि तिथेच ती फसली.

त्यांच्या घरात वाजवून पाहिल्याशिवाय काही विकत घेत नसत. कलिंगड असो, माठ असो, दाराची फळी असो, आधी बोटाचं हाड मारायचं आणि कान लावायचा. नानांनी साठ वर्षं भोपळे असेच निवडले होते: घुमला तो घ्यायचा, ठक्क वाजला तो टाकायचा. शिरीनने काही चांगलं केलं की ते तिच्या कपाळावरही टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "घुमतंय." घरातलं सगळ्यात मोठं बक्षीस ते.

तेव्हा शिरीनने उरलेल्या दोन्ही जोड्या वाजवल्या. एक चकचकीत निळी होती, हलकी, पातळ अंगाची. ती वाजली टंऽग. दुसरी काळी, ठेंगणी, हातात विटेसारखी जड. ती वाजली ठक्क. बिचारी, असं म्हणून शिरीनने निळी उचलली.

संध्याकाळी निलांबरीचं रेकॉर्डिंग आलं. निळ्या स्पीकरमधून तंबोरा असा घुमला की खोली भरून गेली. नानांनी डोळे मिटून ऐकलं. स्पीकर झकास आहेत म्हणाले, पण तंबोऱ्याच्या चारही तारा सारख्याच मिटल्यात, म्हणजे घोडीच बसली (तारांनी दाबून सपाट झाली), कानशीचे तीन हात मारावे लागणार. तसा निरोपही त्यांनी चंद्रावर धाडून दिला. मग शिरीनच्या कपाळावर टिचकी बसली. दोन दिवस ती जमिनीवर नव्हती.

तिला जमिनीवर आणलं मुंगळ्याने. मुंगळा म्हणजे कारखान्यातला सहा पायांचा जुना यंत्रमानव. भोपळे उचलायचा, भुसा झाडायचा आणि विचारल्याशिवाय बोलायचा नाही. रविवारी दुपारी मात्र तो न विचारता बोलला. रेकॉर्डिंग आपण संगणकाला तार जोडून थेट ऐकलंय, म्हणाला, आणि स्पीकरमधून येतं ते काही तेच नाही.

नाना भडकले. साठ वर्षं कान वापरतोय, मला शिकवतोस का, म्हणाले. मुंगळ्याला कसला राग येणार! तो अंगणात गेला, फुटक्या बादलीवर काठी मारून तो भद्द आवाज त्याने टिपून घेतला, आणि निळ्या स्पीकरमधून वाजवला. तेव्हा जे झालं ते सुरुवातीलाच सांगितलं. हूंऽऽ.

"बादलीला जवारी?" नाना म्हणाले.

मुंगळ्याने अम्मीकडून चिमूटभर रवा मागितला. तो स्पीकरच्या निळ्या पाठीवर पसरला आणि एक साधा सूर लावला. अगदी खालचा. मग तो हळूहळू चढवत नेला. वारंवारता (एका सेकंदात किती वेळा थरथर होते तो आकडा) त्याच्या छातीवरच्या काचेत दिसत होती. शंभर. एकशे वीस. रवा गप्प पडलेला. दीडशे. एकशे सत्तर झाले आणि रवा एकदम नाचायला लागला! कण टुणटुण उडत होते, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटत होता. सूर पुढे गेला तसा रवा पुन्हा शांत झाला.

"आवाज मी वाढवला नव्हता," मुंगळा म्हणाला. "हा खोका स्वतः गातोय."

शिरीनच्या तोंडाचा आ झाला. मुंगळ्याने तिला एकेक करून सांगितलं. स्पीकरच्या आत कागदाचा एक पडदा असतो. त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं लोहचुंबकाजवळ असतं. वेटोळ्यात वीज आली की ते मागेपुढे होतं, पडदा हवेला ढकलतो, आणि ती हवा म्हणजे आवाज. पण पडदा पुढची हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो. खोका नसेल तर पुढचं आणि मागचं एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून मागची हवा कोंडायला खोका. एवढंच त्याचं काम. त्याने स्वतः हलायचं नाही. पण पातळ खोका हलतो. प्रत्येक वस्तूचा एक लाडका सूर असतो, तो कानावर पडला की ती आपोआप थरथरू लागते. याला अनुनाद म्हणतात (दुसऱ्याच्या सुराला वस्तूने स्वतःच्या अंगाने दिलेली साथ). झोका बरोबर वेळेला ढकलला की थोड्या जोरातही उंच जातो, तसंच हे.

"पण नानांचा भोपळा घुमतो तेव्हा तो चांगला असतो ना?" शिरीन रडवेली होऊन म्हणाली.

"भोपळ्याला स्वतःचा आवाज द्यायचा असतो," मुंगळा म्हणाला. "स्पीकरला दुसऱ्याचा पोचवायचा असतो."

नाना मटकन स्टुलावर बसले. चारही तारा सारख्या का वाटल्या ते त्यांना आता कळलं: चारींवर खोक्याने आपलाच एक सूर सारवला होता. मग खरं दुखणं काय होतं? कुणालाच ठाऊक नव्हतं. मुंगळा थरथर मोजू शकत होता, पण खुललेली जवारी कशी लागते हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि 'तीन हात मार' हा निरोप तर शुक्रवारीच चंद्रावर पोचला होता! तळावर कळवायला गेले तर इथल्याच केंद्रातून उत्तर आलं, की आज निरोप बंद आहेत, जोडणी थेट चारलाच, त्याआधी काही पोचणार नाही.

शिरीन निळी जोडी घेऊन धावली. मिरजेतली दुकानं दुपारी झोपतात. साडेतीनला शटर उघडेपर्यंत ती पायरीवर बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांपुढे सारखी कानस येत होती. वरचं पॅकिंग जसंच्या तसं होतं म्हणून काकूंनी बदलून दिला. "ही ठक्क वाजणारी? नक्की?" त्यांनी दोनदा विचारलं.

काळी जोडी टेबलावर बसली तेव्हा चारला दोन मिनिटं कमी होती. मुंगळ्याने तिच्यावर रवा टाकून सगळे सूर लावले. रवा गप्प. एकही कण हलला नाही. शिरीनला ते बघून अंगावर काटाच आला. इतकी मुकी वस्तू तिच्या घरात कधी आलीच नव्हती.

चार वाजले. पडद्यावर निलांबरी दिसली. मांडीवर तंबोरा, आणि हातात कानस.

"नाना, तुमचा निरोप मिळाला. बोलता बोलता सुरू करते हं," ती म्हणाली आणि कानस तिने घोडीवर टेकवली.

"थांब!" नाना ओरडले.

पण चंद्र लांब आहे. प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या शब्दालाही तिथे पोचायला सव्वा सेकंद लागतो, आणि तिकडचं चित्र इकडे यायला तेवढाच. म्हणजे ते बघत होते ते आधीच होऊन गेलेलं. पडद्यावर निलांबरीने बोटं सावरली, कोपर मागे घेतलं. शिरीनने अम्मीचा हात गच्च धरला. एक. दोन. कोपर पुढे यायला निघालं आणि जागीच थबकलं. "का, काय झालं?" निलांबरीने विचारलं. कानशीने घोडीला अजून ओरखडाही काढला नव्हता.

नानांनी कपाळावरचा घाम पुसला आणि एकेक तार छेडायला सांगितलं. काळ्या स्पीकरमधून आवाज आला तो निळ्यासारखा खोली भरणारा नव्हता. खरं तर जरा साधाच. पण पहिली तार ऐकताच नानांचे डोळे विस्फारले. ती खुललेली होती! दुसरी मिटलेली. तिसरी खुललेली. चौथी, खर्जाची, तीही खुललेली. घोडी बसली असती तर चारही मिटल्या असत्या.

"घोडीला काही झालेलं नाही," नाना पुटपुटले. "मी चांगली घोडी मारायला निघालो होतो."

दुसऱ्या तारेखाली जवारीसाठी घातलेला सुती धागा सरकला होता, बस. तो केसभर पुढे घे म्हणाले. थोडा मागे. आणखी जरासा. कोट्यवधी रुपयांचं यान नको की कानस नको, धागा जागेवर गेला आणि तार झणझणली. निलांबरीने चारही तारा छेडल्या. पावणेचार लाख किलोमीटरवरून नानांचा शेवटचा तंबोरा मिरजेतल्या टेबलावर, दोन भोपळ्यांच्या मधे, आहे तसा उतरला. नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. जोडणी संपेपर्यंत निलांबरी वाजवत राहिली.

मग शिरीनने भीतभीत विचारलं, की कारखान्यात उरलेल्या फळ्यांचा आपणच एखादा स्पीकरचा खोका केला तर? जाड, आतून कापूस भरलेला, रवा न हलवणारा. मोठा आवाज लागेल तेव्हा. नाना हसत सुटले. साठ वर्षं घुमणाऱ्या वस्तू केल्या, म्हणाले, आता एक मुकी करू. हात माझे थरथरतात, तेव्हा कानस तू धरायचीस. आणि त्यांनी खिशातली कानस काढून तिच्या हातात दिली.

शिरीन तिच्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात तिच्या कपाळावर टिचकी बसली. नानांनी कान लावून ऐकलं.

"ठक्क," ते खूश होऊन म्हणाले.