न वाळलेला जांभळा

तैलरंग वाळतो तेव्हा त्यातून पाण्यासारखं काही उडून जात नाही. उलट त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं आणि घट्ट होत जातं. रसायनशास्त्राच्या पदवीचा मामाच्या घरी मला झालेला उपयोग एवढाच.

मामा निसर्गचित्रं काढायचा. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे जाड फटकारे. खोलीच्या उंबऱ्यावरून पाहिलं की नदी, उतार, ऊन. चित्रात माणूस कधीच नसायचा. "माणूस आला की झाडांकडे कोण बघतं?" म्हणायचा. थंडीतल्या एका सकाळी तो नदीच्या वळणावर गेला. ईझल सापडलं, ओलं चित्र सापडलं, जांभळ्या रंगाची टोपण उघडी ट्यूब सापडली. मामा नाही.

उन्हाळ्यात आईनं मला मामीला आणायला पाठवलं. एकटीनं किती दिवस वाट बघणार, असं आईचं म्हणणं. सामान बांधून झालं. रात्री पुढच्या दाराची कडी लावायचं काम माझ्याकडे होतं. गंजलेली कडी, सरकवायला माझे दोन्ही हात लागत. "हे डाव्या हातानं एका धक्क्यात लावायचे," मामी म्हणायची.

ती अडली होती शेवटच्या चित्रावर.

"ओलं चित्र गुंडाळायचं नसतं."

"मामी, अगं, थंडीतलं चित्र ते. अजून कुठलं ओलं?"

"मग बोट लावून बघा, शास्त्रज्ञबाई."

सगळा कॅनव्हास खडखडीत वाळला होता. फक्त पैलतीरावरचा एक जांभळा फटकारा मऊ होता. माझ्या बोटाचा ठसा त्यात स्पष्ट उमटला.

त्याच ट्यूबमधला रंग मी तेवढ्याच जाडीनं काचेवर फासला आणि चित्राशेजारी ठेवला. काही दिवसांनी काचेवरचा वाळला. चित्रातला नाही. शिवाय माझा ठसा बुजला होता. त्यावरून ब्रश फिरला होता. केसांच्या बारीक रेघा डावीकडून उजवीकडे खाली उतरत होत्या. उजव्या हातानं मी तसा फटकारा मारून पाहिला, मनगट अवघडलं.

मामा डावखुरा होता.

"तू हात लावलास याला?" मी मामीला विचारलं.

"मला दाराला रंग देता येत नाही धड. उंबऱ्यावरून बघ."

उंबऱ्यावरून तो नुसता फटकारा उरत नव्हता. पैलतीरावर कुणीतरी पाठमोरं उभं होतं.

"दुरून ठिपके जोडून माणूस बघायची डोळ्यांना सवय असते," मी समजावलं.

"हो का?" साडीची घडी घालत ती म्हणाली. "मग मला तुझ्या आधी लागलीय ती. इकडे वळले की येतील."

मी रोज सकाळी बोट टेकवून पाहत राहिले. एके दिवशी ते कोरडं आलं. उंबऱ्यावरून पाहिलं. पैलतीरावर फक्त गवत होतं.

मामीही उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "चल. गुंडाळ."

पुठ्ठ्याच्या जाड नळीवर, रंग बाहेरच्या बाजूला ठेवून आम्ही चित्र गुंडाळलं. झोपलेलं मूल घ्यावं तशी गुंडाळी दोन्ही हातांत कवटाळून मामी टेम्पोत जाऊन बसली.

मी दार ओढून घ्यायला आतल्या कडीला हात घातला. बोटांना काहीतरी चिकट लागलं.

जांभळा. ओला.

घर रिकामं होतं. खोल्या मीच बघून आले होते. मी दार ओढलं, कुलूप लावलं, बोटं रुमालाला पुसली.

"हाताला काय लागलं?" टेम्पोतून मामीनं विचारलं.

"काही नाही. जुना रंग."

"जुना रंग हाताला लागत नाही." ती माझ्या बोटांकडे बघत होती. "तूच तर सांगितलंस."

ती उतरली. गुंडाळी तशीच कवटाळलेली.

"दार उघड."

मी कुलूप काढलं, दार ढकललं. जवसाच्या तेलाचा ताजा वास आला. मामी आत गेली. तिच्या मागोमाग मी पाऊल उचललं.

दार माझ्यासमोरच लागलं.

आतून कडी सरकली, एका धक्क्यात.

मामीच्या दोन्ही हातांत गुंडाळी होती.