फणीचं नाणं

श्यामकांतांनी सुनेला चोर म्हटलं, आणि नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या त्या घरात सलोनीची बॅग भरली गेली. तेव्हा कुठे तिच्या नवऱ्याने, गौरवने, घाबरून डीमनहून शलाकाला बोलावलं. खासगी तपास हा तिचा धंदा. सोबतचा आशुतोष गाडी चालवायचा आणि गुन्हेगार कोण हे सगळ्यांच्या आधी ठरवून मोकळा व्हायचा.

श्यामकांतांनी पेटी उघडली. मध्ययुगीन फ्रान्समधल्या सरदारांनी आपापल्या मुलखात पाडलेली चांदीची नाणी, ज्यांना दनिए म्हणतात. सगळी काळवंडलेली. एकच पांढरंशुभ्र होतं, त्यावर कंगव्याची खूण.

“हे शाम्पेन प्रांताचं. माझं काळं होतं, हे डुप्लिकेट आहे,” ते म्हणाले. “माझी बायको जयंती गेली त्याला वर्ष झालं, तेव्हापासून मी पेटी उघडली नव्हती. तिच्याजवळची दुसरी किल्ली आता सलोनीकडे असते.”

शलाकाने भिंग लावलं. त्यांच्या मोबाइलमधला त्या नाण्याचा जुना फोटोही नीट पाहिला. “कंगव्याच्या दातांत लाल काय आहे, काका?”

“गंज असेल. निम्म्याहून जास्त तांबंच असतं यात.”

स्वयंपाकघरात गौरव चहा टाकत होता. “मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आईने एकदा पूजेला एक नाणं मागितलं, तर बाबा केवढे खेकसले.”

“पूजा आता कोण करतं?”

“कुणीच नाही. आई गेली आणि सगळं थांबलं.” देव्हाऱ्यातलं ताम्हण काळं पडलं होतं.

सलोनी खिडकीशी बसली होती. “मीच घेतलं असं समजा. मी एनस्खेडेला माझ्या मंजूषाताईकडे जातेय.”

“कबुली दिली की,” आशुतोष पुटपुटला.

“चोर इतक्या सहज देत नाही,” शलाका म्हणाली आणि तिने सगळ्यांना पेटीभोवती बसवलं.

“काका, ही नाणी हातोड्याने पाडायचे. दोन कधी सारखी निघत नाहीत. तुमच्या फोटोत कंगव्याचा एक दात अर्धवट आहे, कडेला चीर आहे. या नाण्यावरही तेच. म्हणजे नाणं बदललेलंच नाही, ते घासलंय. चिंचेने वरचं काळं तांबं निघून जातं आणि नुसती चांदी उरते.”

“घासलं कुणी?”

“दातांत गंज नाही, कुंकू आहे. देवीला आपण फणी-करंडा वाहतो. इतक्या नाण्यांतून नेमकी फणीच कोण निवडेल? आता या घरात ताम्हणसुद्धा कुणी घासत नाही. हे गेल्या वर्षीच्या दिवाळीचं आहे. काकूंचं.”

श्यामकांत सुनेकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“मी पाहिलं होतं, बाबा. तुमच्यासाठीच पूजा केली त्यांनी. नाणं पांढरं पडलं तशा घाबरल्या. म्हणाल्या, यांना सांगू नकोस, रागावतील. मग महिन्याभरात त्या गेल्याच. तुम्ही आता त्यांच्यावर रागावला असता, तर त्यांना उत्तरही देता आलं नसतं. मला निदान निघून जाता येत होतं.”

आशुतोषला वाटलं, म्हातारा नाही म्हणेल, कसा रागावलो असतो म्हणेल.

“हो गं,” श्यामकांत म्हणाले, “रागावलोच असतो.” आणि सुनेपुढे हात जोडून ते हमसून हमसून रडले.