एक जानेवारीचा ढीग

शेवंता घरात अकरा वर्षांची होती आणि कट्ट्यावर सत्तावीस वर्षांची.

कट्टा म्हणजे ‘रणरिंगण’ या खेळाची चर्चेची जागा. २०५८ साली हा खेळ घरोघरी पोचला होता. सतरंजी पसरायची, बटण दाबायचं, की गुडघाभर उंचीचे प्रकाशाचे लढवय्ये तिच्यावर उभे राहायचे आणि एकमेकांना लोळवायचे. असे लढवय्ये होते एकूण चोवीस. घरी कोणीही खेळावं. पण क्रमवारीत उतरायला आणि कट्ट्यावर लिहायला खातं लागे, आणि खात्याला अठरा वर्षं पूर्ण लागत. शेवंताने दोन वर्षांपूर्वी जन्मसालाचं चाक बोटाने गरकन फिरवलं, ते २०३१वर थांबलं, आणि बाईसाहेब आत शिरल्या. आता तिथे सगळे तिला शेवंताताई म्हणत. तीनशे अकरा लढती जिंकलेल्या बाईला मान मिळणारच.

आणि आता पंचाईत झाली होती. खेळाच्या नव्या आवृत्तीत जागा वीसच होत्या. चार लढवय्ये जाणार होते. कोण, यावरून कट्ट्यावर महिनाभर हमरीतुमरी चालली होती, आणि रविवारी सकाळी निर्मात्यांनी जाहीर केलं, की खेळाडूंच्या वयाची सरासरी (सगळ्यांच्या वयांची बेरीज करून माणशी वाटून येणारा आकडा) अठ्ठावीस वर्षं निघते. म्हणजे हा मोठ्यांचा खेळ. म्हणून पोरकट लढवय्ये बाद. त्यात पहिलं नाव बेडकोजीचं. संध्याकाळी सहाला यादी पक्की होणार होती.

बेडकोजी म्हणजे छत्री घेऊन लढणारा जाडा बेडूक. हरला की शिंकायचा. शेवंताचा तो जीव की प्राण होता. तरीही गेल्याच आठवड्यात तिने कट्ट्यावर ठणकावून लिहिलं होतं, की असले बालिश प्राणी काढून टाका. ‘वज्रमूठ’ नावाच्या एका खेळाडूने तर त्याहून कडक लिहिलं होतं. मग आपण मागे कसं राहायचं?

ती आजोबांकडे गेली. आबा अंबाजोगाईच्या कॉलेजात संख्याशास्त्र (आकड्यांवरून अंदाज बांधण्याचं शास्त्र) शिकवून निवृत्त झाले होते आणि सध्या कोथिंबीर निवडत होते. तिने स्वतःचं सोडून बाकी सगळं सांगितलं. दहा लाख खातेदार आणि त्यात लहान कोणीच नाही, हे कसं, एवढंच तिला कळत नव्हतं. तिच्या वर्गातली निम्मी मुलं तर खेळत होती, पण खोटं साल टाकून खातं काढणारी आपण एकटीच, असं तिला वाटत होतं.

आबांनी हात पुसले. निर्मात्यांनी विदा (गोळा केलेली माहिती) नावं वगळून सर्वांसाठी खुली ठेवली होती. ती त्यांनी सतरंजीवर मागवली आणि सांगितलं, की वय राहू दे, जन्माचा फक्त दिवस आणि महिना घे, आणि वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक खांब दे. ज्या दिवशी जितके जन्मलेले, तितका तो खांब उंच. खांब साधारण कसे दिसतील, ते तू आधी सांग, असंही म्हणाले.

शेवंताने विचार केला. माणसं काही तारीख बघून जन्माला येत नाहीत. खांब साधारण सारखेच असतील, थोडे इकडे तिकडे.

खांब उभे राहिले. जवळजवळ सगळे हरभऱ्याच्या दाण्याएवढे होते. एकच खांब आबांच्या डोक्याच्या वर गेला होता. तो एक जानेवारीचा होता. दहा लाखांतले चार लाख त्या एका दिवशी जन्मले होते.

“माझा वाढदिवस कधी असतो?” आबांनी विचारलं.

“एक जूनला.”

“आन् नामदेवकाकाचा? आपल्या दगडूसरांचा?”

त्यांचाही एक जूनलाच असतो, हे शेवंताला माहीत होतं. दरवर्षी तिघं मिळून एकच केक कापत. हा मोठा योगायोग आहे, असं तिला वाटत आलं होतं. योगायोग कसला, आबा हसून म्हणाले. त्यांच्या लहानपणी खेड्यात बाळ घरीच जन्मायचं आणि तारीख कोणी लिहून ठेवायचं नाही. शाळेत घालायला नेलं, की शाळा जूनमध्ये उघडते म्हणून हेडमास्तर वय बसवून एक जून टाकून मोकळे व्हायचे. आई एवढंच सांगायची, की तू हुरड्याच्या दिवसांतला. म्हणजे थंडीतला. आकडे असे एका जागी ढिगाने साचले, की समजावं, तिथे कोणी खरं सांगितलेलं नाही, सोयीचं सांगितलंय.

शेवंता त्या उंच खांबाकडे बघत राहिली. तिने साल फिरवलं होतं. दिवस आणि महिना आधीपासून भरलेला होता, तो तिने तसाच ठेवला होता.

“कुठली तारीख टाकलीस तू?” आबांनी हळूच विचारलं.

तिने खांबाकडे बोट दाखवलं. आबा रागावले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं.

मग हा खांब पाठवून दिला की झालं ना, असं तिने विचारलं. आबांनी मान हलवली. ढिगात आळशी मोठी माणसंही असणार. तारीख खरी नाही, एवढंच ढीग सांगतो. खरं वय तो सांगत नाही. निर्मात्यांनी दारावर लहानांना अडवलं आणि मग आत जाऊन लहान किती ते मोजलं. अशा मोजणीत लहान सापडणार कसे? ते आहेत, हे त्यांच्यातल्याच कोणीतरी सांगायला हवं होतं.

सांगणाऱ्याचं खातं मात्र बंद होणार होतं. खोट्या माहितीला माफी नाही, असा नियमच होता. तीनशे अकरा विजय जाणार, शेवंताताई जाणार. दुपारी ती धड जेवलीही नाही. साडेचारला तिने बेडकोजीला सतरंजीवर बोलावलं आणि मुद्दाम हरवलं. तो शिंकला. मग तिने लिहायला घेतलं.

“मी सत्तावीस वर्षांची नाही, अकरा वर्षांची आहे. बेडकोजीला काढा असं मी लिहिलं, कारण तसं लिहिलं की मोठं झाल्यासारखं वाटतं. मला तोच सगळ्यात जास्त आवडतो. अजून कोण कोण एक जानेवारीचं आहे?”

सात मिनिटांत खातं बंद झालं. शेवंता रडली, आणि चांगली रडली. कट्टा आता तिला फक्त वाचता येत होता, पण डोळे भरले होते, म्हणून आबा वाचू लागले. मग एक ओळ उमटली: “मी दहा वर्षांचा. जालना.” खाली नाव होतं वज्रमूठ.

त्यानंतर ओळींची रीघ लागली. बारा. नऊ. तेरा. खाती पटापट बंद होत होती, तरी थांबेना. मधेच एका गृहस्थांनी लिहिलं, की ते खरोखरच एक जानेवारीला जन्मलेत, वय एकसष्ट, आणि त्यांनाही बेडकोजीच आवडतो. त्यावर शेवंता रडता रडता हसली.

सहा वाजले, पण यादी आली नाही. निर्मात्यांनी पुन्हा विचारायचं ठरवलं: नाव द्यायचं नाही, शिक्षा नाही, आणि वयाची अट नाही. खरं सांगायला काही किंमत पडत नसेल, तर लोक बहुधा खरं सांगतात, असं आबांनी समजावलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. निम्मे खेळाडू चौदाच्या आतले निघाले. बेडकोजी राहिला, आणि कट्ट्याचं दार मुलांनाही उघडलं.

शेवंताने खऱ्या तारखेने नवं खातं काढलं, शून्यापासून. पहिलीच लढत ती जालन्याच्या पोराकडून हरली.

एक जूनला आबांच्या फोनवर शुभेच्छांचा पाऊस पडला. शेवंताने एकही पाठवली नाही. त्याआधीच तिने गावाकडे त्र्याऐंशी वर्षांच्या आक्काआजीला, आबांच्या थोरल्या बहिणीला, फोन लावला होता. आक्काआजी म्हणाली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला झाला की तो, इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही मला. शेवंताने पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या किंक्रांतीची तारीख शोधून ती आबांच्या वहीत पहिल्या पानावर लिहिली.

आबांनी ती दोनदा वाचली, आणि नामदेवकाकांना फोन करून विचारलं, की तुझी आत्या अजून आहे ना रे.