वाटून घेतलेले धक्के

मिरजेच्या मैदानावर सरावाआधी मुली कानामागे टिकल्या लावत, तेव्हा लांबून बघणाऱ्याला वाटे, कुठल्याशा लग्नघरची तयारी चाललीय. एकमेकींचे केस बाजूला करायचे, कानामागची जागा ओल्या फडक्यानं पुसायची आणि मसुरीच्या डाळीएवढी काळी टिकली अंगठ्यानं दाबून बसवायची. बसली की ती एकदा हलकेच थरथरे. म्हणजे ती जागी झाली, आणि आता या डोक्याला बसणारा प्रत्येक धक्का मोजणार.

प्रशिक्षक शलाका मगदूम हे रोज बघायची. त्या दिवशी मात्र तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. लीगची नोटीस आली होती. येत्या हंगामापासून मिरजेचा महिला रग्बी संघ लीगमध्ये असणार नाही.

हरले म्हणून काढलं असतं तर तिनं ते गिळलं असतं. पण गुणतक्त्यात मिरज वरच्या चारांत होती. काढायचं कारण टिकल्यांनी पुरवलं होतं.

टिकल्यांनी मोजलेले धक्के 'पूर्वदर्शन' नावाच्या प्रणालीकडे जात. या प्रणालीला जगभरातल्या हजारो जुन्या खेळाडूंची आयुष्यं तोंडपाठ होती. कुणाचं डोकं तरुणपणी किती हादरलं आणि पुढे त्यांतलं कोण आपल्या मुलांची नावं विसरलं, हे सगळं ताडून ती आज मैदानात धावणाऱ्या मुलीबद्दल सांगे, की पन्नाशीला हिच्या स्मरणशक्तीचं काय झालेलं असेल. मागच्या पिढीवर पडताळून पाहिलं तेव्हा तिचं फारसं चुकलं नव्हतं. म्हणून विमा कंपन्यांनी नियम घालून दिले. एखादीचे वर्षाचे धक्के मर्यादेबाहेर गेले की तिची टिकली लाल होई आणि ती हंगामभर बाहेर बसे. आणि एका संघातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त खेळाडूंचं पूर्वदर्शन वाईट निघालं, तर दोष शिकवण्याच्या पद्धतीतच आहे असं धरून अख्खा संघच बाहेर.

मिरजेत एकीचीही टिकली कधी लाल झाली नव्हती. तरी निम्म्या संघाचं पूर्वदर्शन वाईट होतं.

"म्हणजे तुम्ही पोरींची डोकी फोडायला शिकवता, असं लीगचं म्हणणं," अ‍ॅडव्होकेट हर्डीकर म्हणाले. सांगलीतल्या त्यांच्या कचेरीत ते नोटिशीसोबतचे तक्ते चाळत होते. सत्तरी उलटलेले हर्डीकर आयुष्यभर जमिनीचे दावे लढले होते. रग्बीचा चेंडू त्यांनी हातातही धरला नव्हता, पण तक्ता वाचायची नजर पक्की होती. "मला एक सांगा बाई. ही रुबिना मुजावर. ही खेळते कुठं?"

"विंगला. अगदी कडेला. चेंडू हातात आला की पळत सुटते. तिला कुणी सहसा गाठत नाही."

"मग हिच्या डोक्याला एवढे धक्के कसे? भिंतीला धडका मारते का ही फावल्या वेळात?"

शलाकानं तक्ता स्वतःकडे ओढला. रुबिनाच्या नावावर असे धक्के होते, जे फक्त स्क्रममध्ये बसतात. स्क्रम म्हणजे दोन्हीकडच्या आठ-आठ जणी खांद्याला खांदा लावून, डोकी एकमेकींत अडकवून रेटतात तो डाव. रुबिना आयुष्यात कधी स्क्रममध्ये गेलेली नव्हती.

"बाई," हर्डीकर हळूच म्हणाले, "यंत्र खोटं बोललेलं नसेल तर माणसं बोललीत. जाऊन तुमच्या पोरींनाच विचारा."

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर मुली पायरीवर बसून भिजवलेले हरभरे खात होत्या. शलाकानं सरळच विचारलं.

"ताई, रागवायचं नाही असं आधी म्हणा," रुबिना म्हणाली.

"आधी सांग."

"मग ऱ्हाऊ दे."

"रुबिना."

"कस्तुरीची टिकली मी लावायची आणि माझी तिनं," रुबिना एका दमात म्हणाली. "दर सामन्याला नाही. कधी मी, कधी ओवी, कधी शर्वरी, आणखीही चौघी-पाच जणी. पाळ्या लावल्या होत्या."

कस्तुरी नलवडे बेडगची. रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. पुढच्या ओळीत तीच उभी असे, समोरच्या आठ जणींचा सगळा जोर आधी तिच्या मानेवर येई. मागल्या वर्षी उपांत्य सामन्याच्या तोंडावर तिची टिकली लाल व्हायच्या बेतात होती.

"ती बाहेर बसली असती तर स्क्रम कुणी पेलला असता ओ?" ओवीनं विचारलं. "आम्ही काही वाईट हेतूनं नाही केलं. आम्ही त्याला उपास धरणं म्हणतो."

"काय म्हणता?"

"उपास धरणं. घरात सासू आजारी पडली की तिचा गुरुवार सून धरते की नाही? नेम मोडायला नको म्हणून? कस्तुरीनं तिच्या आईचे सोमवार धरले होते, आई दवाखान्यात होती तेव्हा. तिनंच सांगितलेलं. तसं म्हटलं, हिचे धक्के आपण थोडे थोडे धरू. सगळ्यांत वाटले तर एकीवर येत नाहीत."

"माझा रोजा मात्र एकीनंही धरला नाही कधी," रुबिना म्हणाली. "दुपारी माझ्यासमोर वडापाव खाता सगळ्या."

दोघी-तिघी हसल्या. शलाका हसली नाही.

"टिकल्या बदलल्यात तुम्ही," ती म्हणाली. "डोकं कुठं बदललं?"

हसू विरलं. मुलींच्या चेहऱ्यांवर हळूहळू काहीतरी उतरत गेलेलं तिला दिसलं. इतके दिवस त्यांना खरोखर वाटत होतं, की आपण मैत्रिणीचं ओझं उचलतोय. हातचं राखून नव्हे, मनापासून. आपल्या नावाला डाग लावून घेऊन.

कस्तुरी पायरीच्या टोकाला बसली होती. "मी त्यांना असं करायला सांगितलं नव्हतं, ताई," ती म्हणाली. "पण नकोही म्हटलं नाही."

हर्डीकरांनी सगळं ऐकून घेतलं.

"कबूल केलं तर लबाडीबद्दल दंड होईल. पण संघ काढायला ते कारण पुरणार नाही, करारात तशी तरतूदच नाही," ते म्हणाले. "मात्र नुसतं कबूल करून भागायचं नाही. प्रत्येक धक्का ज्याच्या त्याच्या डोक्याला परत करावा लागेल. तेव्हाच सिद्ध होईल की निम्मा संघ धोक्यात नाही."

ते अवघड नव्हतं. प्रत्येक सामन्याचं चित्रण होतं. कोणत्या क्षणी कुणाचं डोकं कुठं आदळलं हे चित्रणात दिसत होतं, आणि त्याच क्षणाचा धक्का कुठल्या ना कुठल्या टिकलीत नोंदलेला होता. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं दोन्ही जुळवून द्यायचं कबूल केलं. फक्त सगळ्या मुलींच्या सह्या हव्या होत्या.

कस्तुरीनं सगळ्यांत आधी सही केली. "एवढंच, की माझं काय निघालं ते मला सांगायचं नाही."

"का गं?"

"कळलं की डोकं घालताना बिचकीन. आणि बिचकणारीलाच लागतं, तुम्हीच शिकवलंय. मला दुसरं काय येतं, ताई? माझ्या खेळाच्या जिवावर धाकटी बहीण नर्सिंगला गेलीय. गावात मला बघून चार पोरी मैदानात पळायला लागल्यात."

शलाकानं तसा शब्द दिला. ती स्वतः खेळायची त्या काळात टिकल्या नव्हत्या. आपलं डोकं किती हादरलंय हे जाणून घ्यायची सोयच नव्हती, आणि ते तिला नेहमी बरंच वाटत आलं होतं. कस्तुरीचं म्हणणं तिला मनापासून पटलं.

मग प्रयोगशाळेचं उत्तर आलं.

रुबिनाचं पूर्वदर्शन इतर कुणाही निरोगी बाईसारखं निघालं. ओवीचं, शर्वरीचंही. एकेकीचे उसने धक्के काढून घेतले तशा त्या रेषेच्या आत येत गेल्या. आणि ते सगळे धक्के एका जागी जाऊन साचले. पडद्यावर कस्तुरीच्या स्मरणशक्तीची रेघ आणखी काही वर्षं सरळ जात होती आणि चाळिशीच्याही आत, विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात तशी खाली खाली जात होती. ज्या वेळी टिकलीनं तिला थांबवायला हवं होतं, त्या वेळी ती थांबली असती, तर ती रेघ कशी असती, हेही प्रयोगशाळेनं शेजारी काढून दाखवलं होतं. ती बरीचशी सपाट होती.

हर्डीकरांनी चष्मा काढला. "बाई, आपली केस आता भक्कम झाली," ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांची मान खाली गेली.

घरी येताना शलाकाच्या डोक्यात ओवीचं ते उपास धरण्याचं वाक्य फिरत राहिलं. खोटं नव्हतं ते. तिनं स्वतः आजीच्या एकादश्या धरल्या होत्या, आणि ज्या देवासाठी धरल्या तो कुणाच्या पोटात अन्न गेलं नाही हे बघत बसत नाही, याबद्दल तिला आजही शंका नव्हती. देवाच्या दारी एकीचं दुसरीला चालतं, कारण तिथं भाव मोजतात. हाडाच्या आत भाव मोजायला कुणी बसलेलं नसतं. एवढी साधी गोष्ट पंधरा शहाण्या मुलींना कळली नाही, कारण त्यांनी मायेचं गणित जिथं लागू पडत नाही तिथंही लावून पाहिलं.

लीगच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी मागितलेली लवादाची सुनावणी कोल्हापुरात होती. लवाद म्हणून निवृत्त न्यायमूर्ती वसुधा इनामदार बसल्या होत्या. सगळा संघ मागच्या खुर्च्यांवर होता, इस्त्रीच्या कुडत्यांत अवघडून बसलेला. नावं उघड करायची नव्हती, म्हणून कागदोपत्री एकीला 'खेळाडू अ' म्हटलं होतं.

हर्डीकरांनी जमिनीचा नकाशा समजावून सांगावा तसं सगळं मांडलं. कुठला धक्का कुणाचा, कुणाच्या नावावर गेला, परत कुणाकडे आला. इनामदारबाई लिहून घेत होत्या. लीगचे वकील चिटणीस मध्ये कुठंच अडवत नव्हते, तेच शलाकाला खटकलं.

"मला एकच प्रश्न आहे," चिटणीस उठून म्हणाले. "प्रशिक्षकबाई, 'खेळाडू अ'चं पूर्वदर्शन तुम्ही पाहिलंय?"

"हो."

"तिनं स्वतः पाहिलंय?"

"नाही. तिला नकोय."

"मग आम्ही संघ परत घेतला, तर येत्या हंगामात तुम्ही तिला मैदानात उतरवणार का?"

हर्डीकर हरकत घ्यायला अर्धे उठले, पण इनामदारबाईंनी हातानंच त्यांना बसवलं. "प्रश्न योग्य आहे," त्या म्हणाल्या. "मलाही तेच विचारायचं होतं. तुम्ही हो म्हणालात, तर संघ सुरक्षित आहे असं मला लिहिता येणार नाही. सावकाश सांगा."

शलाकानं मागं वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. कस्तुरी तिथं बसली होती, आणि 'अ' म्हणजे कोण हे तिला न कळायला ती काही खुळी नव्हती. 'नाही' म्हणणं म्हणजे दिलेला शब्द सगळ्यांदेखत मोडणं. आकडा न सांगता आकडा सांगणं. 'हो' म्हणणं म्हणजे चौदा जणींना घरी पाठवून एकीला विहिरीच्या पायऱ्यांवर आणखी पुढे ढकलणं. 'नंतर ठरवू' असंही म्हणता आलं असतं. पण ते म्हणजे आपलं ओझं दुसऱ्या कुणीतरी धरावं, म्हणून पुढं सरकवणं झालं असतं.

"नाही," शलाका म्हणाली. "उतरवणार नाही. यापुढे कधीच नाही."

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं आणि अगदी जपून, आवाज न करता, लावलं गेलं.

दुपारी निकाल आला. संघ काढण्याचा लीगचा निर्णय रद्द. टिकल्या बदलल्याबद्दल दंड. पुढच्या हंगामापासून टिकल्या पंचांच्या देखरेखीखाली लावायच्या. मुलींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. रुबिना तोंडावर ओढणी धरून रडत होती. आपण खरोखर निरोगी आहोत हे तिला त्याच दिवशी कळलं होतं, आणि ते कुणाला सांगावं हे तिला कळत नव्हतं.

कस्तुरी बाहेर बसच्या सावलीत, चाकाला टेकून उभी होती. शलाका तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. काय बोलावं हे तिनं जिना उतरताना तीन-चारदा जुळवलं होतं. त्यातलं आता काहीच आठवेना.

"मी शब्द मोडला," ती म्हणाली.

"मोडला खरा," कस्तुरी म्हणाली. रागानं नाही. "राहिला का संघ?"

"राहिला."

"मग झालं." ती चाकापासून बाजूला झाली. "पुढच्या ओळीत शर्वरीला घ्या. मान चांगली आहे तिची. फक्त वाकताना घाई करते, ती सवय मोडा. मी शिकवीन, चालत असेल तर."

"चालेल."

"किती वर्षं, ते मी अजूनही विचारणार नाही. नुसतं वर्षं म्हटलं तर माणूस मोजत बसतो." कस्तुरीनं कानामागं हात नेला. तिथं आता काही नव्हतं, टिकलीच्या जागी कातडी नुसती फिकट पडली होती. "पण एक विचारते, त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर द्या."

"विचार."

"मी विसरायला लागीन ना, ताई, ते आधी मला कळेल, का तुम्हाला?"

शलाकानं तोंड उघडलं. आतून मुली बाहेर पडू लागल्या होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे, डोळे पुसत, रुबिना कस्तुरीला हाक मारत येत होती. कस्तुरीनं क्षणभर त्या हाकेकडे लक्ष दिलं नाही. ऐकू आली नव्हती, की ती उत्तराची वाट बघत होती, हे शलाकाला सांगता आलं नसतं.